लाल रेघेचा हरेश्वर

माझ्यावर मनातून प्रेम करतो असं ज्या माणसाबद्दल मी आयुष्यात सगळ्यात ठामपणे धरून चालले होते, त्याने माझ्याकडे कधी नीट मान वर करून पाहिलंही नव्हतं. तो पाहायचा पाइपांकडे. पण डिप्लोमा मेकॅनिकलच्या वर्गातली एकुलती एक मुलगी म्हणून तीन वर्षं मिरवून आलेल्या बावीस वर्षांच्या पोरीला, आपण समोर असताना कोणी पाइपाकडे बघत असेल हे सुचायचं कसं?

कोलशेतला आमची कंपनी होती. आज त्या जागी टॉवर आहेत, गेटावर कारंजं आहे आणि वॉचमन मला 'किधर जाना है, माताजी?' असं विचारतो. मी तिथे इन्स्पेक्शनला लागले तेव्हा हरेश्वर वैती कॉम्प्रेसर हाउसमध्ये फिटर होता. कारखान्यातली निम्मी यंत्रं हवेवर चालत. ती हवा कॉम्प्रेसर हाउसमध्ये दाबून भरायची आणि पाइपांतून शेडभर पोचवायची. वाटेत ती कुठे निसटत नाही ना, हे बघणं हरेश्वरचं काम. तो कोलशेत गावातलाच, कोळीवाड्यातला. वडील खाडीत जाळी टाकायचे. काळा, उंच, खांद्यात थोडा वाकलेला, कमी बोलणारा. आणि जे बोलायचा ते असं, की ऐकणाऱ्याला वाटावं आपण घराचं दार उघडं टाकून आलोय. 'हवा कोनाची मिंधी नाय,' तो म्हणायचा. 'भोक दिसला का चालली.'

गळती शोधायला बाकीचे फिटर सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघत. हरेश्वर खालचा ओठ जिभेने ओला करी आणि सांध्यापासून दोन बोटांवर धरून हळूहळू फिरवी. ओठाला जिथे गार लागेल तिथे बोट ठेवी. 'वारा ओठाला आधी कलतो. बुडबुडा मागनं येतो.' खाडीवर वाऱ्याचा अंदाज घ्यायला त्याचे वडील हेच करत, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी तो प्रकार पाहिला, तडक कॅन्टीनमध्ये गेले आणि टेबलावरच्या सहा जणांना सांगितलं की कॉम्प्रेसर हाउसमधला तो फिटर पाइपांचे पापे घेतो. लोक खो खो हसले. मला विनोदी म्हणवून घ्यायची फार हौस. अजूनही आहे, पण तेव्हा ती अकलेशिवाय होती.

काम झालं की तो तिथेच बसून राही. नट आवळला, हवा सोडली, सगळं ठीक. तरी हा खाली उकिडवा बसलेला. सुपरवायझर ओरडे, 'अरे वैती, झालं ना तुझं?' हा म्हणे, 'माजं झालं. त्याचं होऊ द्या की.' नट बसला की नाही हे आवळणाऱ्याने सांगायचं नसतं, थोड्या वेळाने नटालाच विचारायचं असतं, असं त्याचं म्हणणं. मी याला आळस म्हणायचे, आणि हातातल्या पॅडवर तसं लिहायचेही.

आता लालीचं सांगते. त्या काळी मी नखांना लाल रंग लावून इन्स्पेक्शनला जात असे. दिवसभर हात ग्रीसमध्ये आणि नखं लालभडक. आज माझी नात मला 'आजी, या वयात नेलपॉलिश?' म्हणून हसते. तिला मी सांगत नाही की आजी तुझ्यापेक्षा मोठी नटवी होती आणि त्या नट्टापट्ट्यापायी तिने एका माणसाचं नुकसान केलं.

एक दिवस जेवणाची सुट्टी संपताना हरेश्वर माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. नजर माझ्या बोटांवर.

'म्याडम, ही लाली कुठं मिलते?'

'कोणती लाली?'

'नखाची. थोडी द्याल का मना? तलाशी उरलेली असंल तरी चालंल.'

माझे कान गरम झाले. तो दोन मिनिटं उभा राहिला आणि गेला. घरी जाऊन मी आरशात बघितलं आणि मला त्याची कीव आली. बिचारा! माझी आठवण म्हणून जवळ ठेवायला काही तरी हवं होतं त्याला, आणि मागितलं काय, तर नखाचा रंग! हे मी खरोखर मनात म्हटलं, हे आज लिहिताना मला माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं. रात्रभर मी त्या प्रेमाला नकार कसा द्यावा याचा विचार केला आणि सकाळी तो नकार इंग्रजीत टाइप करून पर्सोनेल ऑफिसरच्या टेबलावर ठेवला. 'खासगी व अनुचित मागणी' या अर्थाचे शब्द मी डिक्शनरीत शोधून घातले होते.

हरेश्वरला बोलावलं. ऑफिसरने विचारलं, 'काय रे, मॅडमकडे काय मागितलंस?'

'लाली.'

'कशाला?'

'रेघ मारायला.'

'कुठे? कपाळावर?'

केबिनमधले चौघे हसले. मीही खाली मान घालून हसले. त्याला पुढे बोलूच दिलं नाही. तो बोलला असता की नाही, देव जाणे. बोलण्यात हसू घुसलं की तो गप्प होई. त्याला मेमो मिळाला. त्या वर्षी तो चार्जहँड, म्हणजे फिटरांचा मुकादम, व्हायचा होता, ते दुसऱ्याकडे गेलं. आणि कंपनीत काम करणारी निम्मी माणसं त्याच्याच गावातली, त्यामुळे संध्याकाळच्या आत कोळीवाड्यात त्याचं नाव 'लाली' पडलं होतं. नुकतंच लग्न ठरलं होतं त्याचं.

दोनेक महिन्यांनी मी कॉम्प्रेसर हाउसच्या तपासणीला गेले. मुख्य पाइपावर चाळीसएक नट, आणि प्रत्येक नटावर एक बारीक लाल रेघ. रेघ नटावरून निघायची आणि सरळ खालच्या पाइपावर उतरायची. नट आवळून, बसू देऊन, मग मारलेली रेघ. पुढे कोणी तो नट एवढासा जरी फिरवला तरी नटावरची रेघ एकीकडे जाईल आणि पाइपावरची एकीकडे. लांबून दिसेल की इथे कोणाचा तरी हात लागला. ऑइल पेंट तेलाने सुटतो, खडू पुसतो. नखाचा रंग टिकतो. एवढंच होतं ते. त्याने शेवटी स्वतः ठाण्याला जाऊन, कटलरीच्या गाडीवर बायकांच्या गर्दीत उभं राहून शिशी आणली होती.

मला एका क्षणात सगळं समजलं. मी काही मठ्ठ नव्हते, नुसतीच मूर्ख होते. पण तक्रारीचा अर्ज मागे घेतला नाही. घेतला असता तर लोकांनी विचारलं असतं, मग तुला काय वाटलं होतं? आणि मला काय वाटलं होतं ते चारचौघांत सांगायची माझी तयारी नव्हती. उलट मी काय केलं, तर 'जोडांवर दृश्य खूण करण्याची पद्धत' असा सुबक अहवाल लिहिला. खाली माझं नाव. सुरक्षा सप्ताहात त्याला बक्षीस मिळालं, सहा वाट्यांचा स्टीलचा सेट. मी स्टेजवर गेले तेव्हा हरेश्वर हॉलच्या मागच्या दारात उभा होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या. अगदी शेवटपर्यंत वाजवल्या, बाकीच्यांच्या थांबल्यावरही.

पुढे आम्ही दोघं त्याच कंपनीत म्हातारे होत गेलो. कंपनी बंद झाली त्या दिवशी सगळ्यांना आपापल्या सर्व्हिस फायली बघायला दिल्या. गेटाजवळ तो मला म्हणाला, 'एकतीस वर्सं काम केलं, म्याडम. फायलीत वाकडा कागद एकच निगाला.' आवाजात राग नव्हता. खात्री करून घेतल्यासारखा बोलला. मग म्हणाला, 'आता मरेपरेंत दुसरा येऊ द्यायचा नाय.' आणि सायकल काढून गेला.

मी डोंबिवलीला येऊन आजी झाले. माझ्या मुलाने, मंदारने, नोकरी सोडून त्याच्या मित्राबरोबर, गिरीशबरोबर, आंबिवलीच्या पुढे एका बंद वीटभट्टीच्या जागेत खेळाचं मैदान काढलं. खेळ लुटुपुटूच्या लढाईचा. बंदुका दिसायला अगदी खऱ्या, पण मारतात भिजलेल्या साबुदाण्याएवढी प्लॅस्टिकची गोळी. मोठमोठी नोकरदार माणसं तोंडाला मुखवटे लावून पडक्या भिंतींमागे लपतात, एकमेकांवर त्या गोळ्या झाडतात आणि लागली की हात वर करून बाद होतात. मी उद्घाटनाला नारळ फोडला आणि दोन गोळ्या गिरीशच्या पाठीवर झाडूनही घेतल्या.

पण बंदुका विजेवरच्या. आत बॅटरी, मोटर, तीन दातेरी चाकं. चाकं एक स्प्रिंग मागे ओढून सोडणार, स्प्रिंग दट्ट्या ढकलणार, दट्ट्यापुढची हवा गोळी उडवणार. आपल्याकडच्या दमट हवेत बॅटऱ्या फुगायच्या, चाकांचे दात झडायचे, सुटे भाग मिळायचे नाहीत. मंदार रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एक बंदूक उलगडून बसायचा. मी म्हटलं, 'अरे, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. हवेतलं त्याच्याइतकं कोणाला कळत नाही.' मला वाटलं, चला, या निमित्ताने जुनं देणं फिटेल. उपकार करायला निघाले होते मी!

कोलशेत गावात त्याचं घर टॉवरांच्या सावलीत अजून तसंच होतं. ओटीवर बसून तो मासेमारीच्या होडीच्या इंजिनाचा पंप उघडत होता. सत्तरीचा झाला होता, पाठ आणखी वाकली होती. मला बघून म्हणाला, 'काय म्याडम, आज परत कंप्लेन?'

त्याची बायको, हिराबाई, आतून म्हणाली, 'ओ, पावन्याला आदी पानी तरी इचारा.'

मंदारने बंदूक पुढे ठेवली. हरेश्वरने ती पाच मिनिटांत उघडली आणि आतली चाकं बघून त्याला हसू आलं. 'ही तर शिवनयंत्राची आतडी हायत. बरं, शेवटी गोली मारतं कोन?'

'हवा,' मंदार म्हणाला.

'हवाच ना? मग मदी एवढा संसार कशाला?'

त्याने तो संसार काढला. मोटर, चाकं, स्प्रिंग, दट्ट्या, सगळं. त्या जागी बोटाएवढी पितळी झडप बसवली, मुठीतून एक नळी बाहेर आणली आणि ती पाठीवर अडकवायच्या हवेच्या छोट्या टाकीला जोडली. टाकीच्या तोंडाशी दाब कमीजास्त करणारा स्क्रू. गिरीशने सुचवलं, 'काका, हवेऐवजी लायटरचा गॅस भरला तर? सोपं पडेल.' हरेश्वर म्हणाला, 'मग गोली कशाला भरतंस? डायरेक आगच लाव ना.'

पहिल्या बंदुकीला पंधरा दिवस लागले. वीटभट्टीच्या टोकाला त्याने पत्र्याचा एक तुकडा टांगला आणि एकामागोमाग दहा गोळ्या मारल्या. गोळीचा वेग दाखवणारी एक डबी मिळते, मंदार तिचे आकडे वाचत होता. हरेश्वर आकड्यांकडे बघतही नव्हता. डोळे मिटून पत्र्याचा आवाज ऐकत होता. टण्, टण्, टण्. दहाच्या दहा एकाच सुरात. दहावी वाजली आणि तो हसला. चाळीस वर्षांच्या ओळखीत मी त्याला असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. तोंडात खालचे दोन दात नव्हते, तेही तेव्हाच कळलं.

मग त्याने दाब खेळाच्या नियमात बसवला, स्क्रू आवळला, नेहमीसारखा बाजूला बसून राहिला आणि खिशातून लाल शिशी काढली. माझ्याकडे बघून म्हणाला, 'आता सोताची हाय.' स्क्रूवरून टाकीवर एक बारीक रेघ. मंदारला आणि गिरीशला बजावलं, 'या रेघेच्या फुडं जायचा नाय. दाब वाडला का ही खेलनी ऱ्हात नाय. कोनी फिरवला तर रेघ मना सांगंल.'

पावसाळा संपेपर्यंत मैदानावरच्या आठही बंदुका हवेवर आल्या. लांबलांबचे खेळाडू बघायला येऊ लागले. आपापल्या बंदुका घेऊन कोलशेतला त्याच्या ओटीवर जाऊ लागले. 'वैती अंकल' म्हणायचे त्याला. हिराबाई मला फोनवर म्हणाली, 'आता गावात पन लाली कोन बोलत नाय.' मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. घाई होती मला त्याची.

एका रविवारी ठाण्याच्या कुठल्याशा ऑफिसचा ग्रुप खेळायला आला होता. खेळताना एकाच्या मुखवट्याची खालची जाळी फोडून गोळी आत गेली आणि त्याचे पुढचे दोन दात तुटले. तिशीतला माणूस. रक्ताने शर्ट भिजला. त्याचा भाऊ पोलिसांत जायच्या गोष्टी करू लागला. मंगळवारी दुपारी सगळ्यांनी मैदानावरच्या पत्र्याच्या ऑफिसात बसायचं ठरलं. मंदार म्हणाला, 'आई, तू ये. तू इन्स्पेक्शनमध्ये होतीस, तुझं ऐकतील.'

मी साडी नेसून, नखं रंगवून, चष्मा पुसून गेले. नखांचं सांगते, कारण ते नंतर लागणार आहे. माझ्याकडे फडके रोडवरून आणलेली एक लाल शिशी आहे, तिच्यात बारीक चमकी आहे. सावलीत साधा लाल दिसतो, उन्हात तारे चमकतात. त्या सकाळी शिशीचं झाकण नीट लागलेलं नव्हतं म्हणून मी नातीवर ओरडलेही होते. 'मी नाही हात लावला गं आजी,' ती म्हणाली होती.

ऑफिसात जखमी माणसाचा भाऊ, मंदार, गिरीश, मी, आणि दाराजवळच्या स्टुलावर हरेश्वर. भाऊ म्हणाला, 'मला एवढंच सांगा, प्रेशर वाढलं कसं? मैदानावर कोणी वाढवलं, की मुळात मशीन बनवणाऱ्याने चुकीचं ठेवलं?'

गिरीश म्हणाला, 'आम्ही तर हातही लावत नाही त्याला. काकांनी सील केलंय.'

हरेश्वर शांत होता. म्हणाला, 'रेघ बघा ना. भांडता कशाला? कोनी फिरवला असंल तर रेघ तुटलेली असंल.' त्याला एवढी खात्री होती, की तो उठलासुद्धा नाही.

मंदारने त्या रविवारच्या बंदुकीची टाकी आणून दिली. हरेश्वरने ती घेतली. रेघ सरळ होती. स्क्रूवरून टाकीवर, न तुटता.

तो बराच वेळ बघत राहिला. अंगठ्याने चाचपली. मग उठून दारात गेला आणि टाकी उन्हात धरून फिरवली. मी खुर्चीवरून पाहिलं. रेघेत तारे चमकले.

त्यानेही पाहिले. मग वळून त्याने माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही, मांडीवरच्या हातांकडे. चाळीस वर्षांपूर्वी टेबलापाशी उभा राहून बघितलं होतं तसंच. मी पदर ओढला आणि दोन्ही हात त्याखाली घेतले.

'म्याडम,' तो म्हणाला, 'तुमी बघा. तुमी इन्स्पेक्टर. काय दिसतं ते सांगा फकस्त.'

त्याने टाकी माझ्यापुढे धरली. ती घ्यायला हात बाहेर काढावे लागले असते. मी घेतलीच नाही, नुसतीच वाकून बघितलं. मंदार भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या कपाळावर लहानपणी ताप आला की यायचा तसा घाम होता. खेळणाऱ्यांनी 'दम नाही, दम नाही' म्हणून कटकट केली असणार, त्याने स्क्रू फिरवला असणार, आणि नंतर घाबरून, तुटलेली रेघ खरवडून, घरात जो लाल रंग सापडला त्याने नवी ओढली असणार. तो सोमवारी रात्रभर जागा होता, हे मला माहीत होतं. पोलीस आले असते तर मैदान गेलं असतं. मला हे सगळं कळायला श्वास घेण्याएवढाही वेळ लागला नाही.

मी म्हटलं, 'रेघ अखंड आहे.'

शब्दाला शब्द खरं होतं. रेघ अखंडच होती. इन्स्पेक्शनमध्ये आयुष्य काढलेल्या बाईलाच इतकं निर्दोष खोटं बोलता येतं.

हरेश्वरने टाकी टेबलावर ठेवली. भाऊ म्हणाला, 'म्हणजे यांनीच जास्त ठेवलेलं.' गिरीश म्हणाला, 'वय झालंय हो काकांचं, हात थरथरतात.' हरेश्वरने आपला उजवा हात समोर धरला आणि बघितला. अजिबात थरथरत नव्हता. पण त्याच्याशिवाय तो कोणी बघितला नाही.

ठरलं असं, की आठही बंदुका त्याने होत्या तशा विजेवर करून परत द्याव्यात. भाऊ पोलिसांत गेला नाही. परत येताना गाडीत मंदार म्हणाला, 'बरं झालं तू होतीस, आई. तुझ्या शब्दाला वजन आहे.' मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. पहिल्या वेळी मी मूर्ख होते. या वेळी तीही सबब नव्हती.

त्याच संध्याकाळी गिरीशने खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हरेश्वरचा फोटो टाकला. खाली लिहिलं, यांच्याकडून काम करून घेऊ नका, धोका आहे. त्यावर शंभरेक लोकांनी अंगठे उठवले. त्यातले कित्येक त्याच्या ओटीवर बसून चहा प्यायलेले. तो मेसेज अजून तिथे आहे. मंदार हे वाचेल तेव्हाच त्याला कळेल, की आईने रंग ओळखला होता.

आठ दिवसांनी बंदुका आणायला मंदार माणूस पाठवणार होता. मी म्हटलं, मी जाते. भरदुपारी पोचले. रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. ओटीवर चटई अंथरून हरेश्वर शेवटच्या बंदुकीवर होता. सात भिंतीला ओळीने टेकवलेल्या. चटईवर लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटं पसरली होती, गणपती छापलेली, प्रत्येकावर आकडा. ज्या बंदुकीतून जो संसार काढला होता तो त्या त्या आकड्याच्या पाकिटात त्याने जपून ठेवला होता. मोटर, चाकं, स्प्रिंग, एवढाले स्क्रूसुद्धा. सहा महिने घालवून जे उभं केलं होतं ते तो तितक्याच निगुतीने मोडत होता.

'हरेश्वरभाऊ,' मी म्हटलं.

'बसा.'

बसले. हिराबाईने पाणी आणलं. तिला काही माहीत नसावं, नाहीतर तिने आणलं नसतं. ती आत गेल्यावर मी म्हटलं, 'माझं चुकलं.'

स्प्रिंगवरची नजर न काढता त्याने विचारलं, 'कंचं?'

मी म्हटलं, 'सगळंच. मी सांगते सगळ्यांना. त्या ग्रुपवरही लिहायला लावते.'

'कवा?'

'उद्या.'

'पोराला इचारलाव?'

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

'मग उद्याचा नाव नका घेऊ. मना आजचा काम करू द्या.'

त्याने दट्ट्या बसवला, झाकण लावलं, बॅटरी जोडली आणि घोडा दाबला. आत मोटर घरघरली. त्याने तोंड वाकडं केलं, कपड्याने बंदूक पुसली आणि आठवी म्हणून भिंतीला लावली. मग वहीतला एक कागद माझ्यापुढे ठेवला. वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: आठ नग, जसे आले तसे परत, तपासून घेतले.

'तपासा,' तो म्हणाला. 'आनि सही करा. खाली इन्स्पेक्टर लिवा.'

'भाऊ, त्याची काय गरज?'

'मना हाय गरज. तपासा.'

मी एकेक बंदूक घेतली. हात उघडेच होते आता, नखांवर काही नव्हतं. झाकणं उघडून बघितली, मोटरी चालवून बघितल्या. तासभर लागला. तो समोर उकिडवा बसून होता. एकाही बंदुकीत बोट ठेवायला जागा नव्हती. मी सही केली आणि खाली 'इन्स्पेक्टर' लिहिलं. त्याने कागद दोनदा वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

बंदुका दोन गोणत्यांत भरून आम्ही रिक्षात टाकल्या. 'येते,' मी म्हटलं. त्याने मान हलवली. रिक्षा गल्लीत वळवायला जागा नव्हती, म्हणून रिक्षावाला पुढेमागे करत होता. तेवढ्यात मी मागच्या काचेतून बघितलं. हरेश्वरने चटई गुंडाळून बाजूला ठेवली होती आणि कोपऱ्यातला झाडू घेऊन तो ओटी झाडत होता. बंदुका होत्या ती भिंत, पाकिटं होती ती जागा, आणि मी बसले होते ती पायरी.

हिराबाई हात पुसत धावत बाहेर आली. 'अवो, काय करता काय! बाय अजून दारातनं हलली पन नाय, लगेच केर काय काढता? मेल्या मानसाच्या मागनं काढतात असा!'

त्याने ऐकलं. थांबला नाही. खाली वाकून पायरीच्या कडेपर्यंत नीट झाडत राहिला.